जुन्या बीएमपी, पीसीएक्स, टिफ फाइल्स कन्व्हर्ट करताना चित्र बिघडतं? या क्रमाने तपासा

जुन्या हार्डडिस्कवरच्या, फ्लॉपीवरच्या, सीडीवरच्या चित्रांच्या फाइल्स पीएनजी किंवा जेपेग करून देण्याचं काम मी इतक्या वेळा केलंय की आता माणसाने पहिलं वाक्य बोललं की साधारण कुठे अडलं असेल ते लक्षात येतं. आणि दर वेळी सुरुवात एकाच वाक्याने होते, "फाइल करप्ट झालीये". बहुतेक वेळा ती करप्ट नसते. फाइल जशी लिहिली होती तशीच असते, वाचणारा प्रोग्राम तिचा चुकीचा अर्थ लावत असतो. म्हणून डिलीट करायच्या आधी हे वाचा, आणि वरून खाली याच क्रमाने जा, कारण वरच्या गोष्टींना पाच मिनिटं लागतात आणि खालच्यांना अख्खी संध्याकाळ जाऊ शकते.

आधी लक्षणं बघा, तुमचं कुठलं आहे ते

- फाइल उघडतच नाही, "फॉरमॅट सपोर्टेड नाही" असं येतं
- उघडते पण चित्र डोकं खाली पाय वर
- चित्र तिरकं घसरल्यासारखं, तिरप्या पट्ट्या पट्ट्या
- माणसांचे चेहरे निळे, आकाश केशरी
- सगळं निगेटिव्हसारखं, पांढऱ्याचं काळं
- रंग बरोबर वाटतात पण चित्र भयंकर काळपट
- वरचं अर्धं चित्र ठीक, खाली करडं नाहीतर काळं (बीएमपीत याच्या बरोबर उलट, का ते खाली सांगतो)
- फाइल उघडते पण आत काहीच दिसत नाही, नुसती रिकामी चौकट
- गोल गोष्टी अंडाकृती, पान चपटं
- दहा पानांची फाइल होती, कन्व्हर्ट केल्यावर एकच पान आलं
- चित्र आलं पण अक्षरांच्या कडेला घाण, ठिपके, धूसर

एकाच फोल्डरमध्ये दोन-तीन लक्षणं एकत्र असू शकतात, कारण त्या फाइल्स वेगवेगळ्या प्रोग्रामने वेगवेगळ्या वर्षी लिहिलेल्या असतात. सगळ्यांना एकच उपाय लावू नका.

सगळ्यात आधी: मूळ फाइल्सची कॉपी

हे तपासणीत धरू नका, पण याच्याशिवाय पुढे जाऊ नका. पूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, मूळ फोल्डरला रीड-ओन्ली करा, आणि जे काय करायचं ते कॉपीवर करा. इमेजमॅजिक (कमांड लिहून चित्रं बदलणारा प्रोग्राम) मध्ये मॉग्रिफाय नावाची कमांड आहे, ती एका फटक्यात अख्खा फोल्डर बदलते म्हणून सगळ्यांना आवडते, पण तिला वेगळा फॉरमॅट किंवा वेगळं फोल्डर सांगितलं नाही तर ती मूळ फाइलच्या जागीच नवीन फाइल लिहिते. मी स्वतः एकदा जवळजवळ चारशे स्कॅन असेच बदलून बसलो होतो, कॉपी नव्हती, आणि त्यातली लहान अक्षरं परत आली नाहीत. ज्यांची ती कागदपत्रं होती त्यांना फोन करून सांगताना काय वाटलं ते अजून आठवतं. तेव्हापासून कॉपी झाल्याशिवाय मी एकही फाइल उघडत नाही.

कॉपी करताना तारखाही जपा. बऱ्याच जुन्या फॉरमॅटमध्ये चित्र कधी काढलं ते आत कुठेच लिहिलेलं नसतं, फाइलच्या बदलाची तारीख हाच एक पुरावा असतो, आणि कन्व्हर्ट केल्यावर नवीन फाइलवर आजची तारीख पडते.

१. एक्स्टेंशन खरं बोलतंय का

सगळ्यात स्वस्त तपासणी हीच, आणि "उघडतच नाही" वाल्या फाइल्सपैकी बऱ्याच इथेच सुटतात. फाइलच्या नावाच्या शेवटी बीएमपी लिहिलं म्हणून ती बीएमपी होत नाही. कोणीतरी नाव बदललेलं असतं, नाहीतर जुन्या प्रोग्रामने स्वतःचं काहीतरी लावलेलं असतं. पीआयसी आणि आयएमजी ही दोन एक्स्टेंशन तर कितीतरी वेगवेगळ्या प्रोग्रामनी आपापल्या, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या फॉरमॅटसाठी वापरलीत.

खरा फॉरमॅट फाइलच्या पहिल्या काही बाइटमध्ये असतो. लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलमध्ये 'फाइल' नावाची कमांड आहे, तिला नाव दिलं की ती आत बघून सांगते. ते नको असेल तर कुठल्याही हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलचे बाइट आकड्यांच्या रूपात दाखवणारा प्रोग्राम) उघडून सुरुवात बघा. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडलंत तर फक्त बघा आणि बंद करा, चुकूनही सेव्ह करू नका, का ते खाली तिसऱ्या मुद्द्यात येईल. काय दिसायला हवं ते असं:

बीएमपी असेल तर पहिली दोन अक्षरं बी आणि एम. जिफ असेल तर जीआयएफ८७ए किंवा जीआयएफ८९ए असं सरळ वाचता येतं. टिफची सुरुवात आयआय किंवा एमएम, म्हणजे बाइट कुठल्या क्रमाने लिहिलेत त्याची खूण, आणि त्याच्या मागे ४२ हा आकडा. अमिगा कॉम्प्युटरवरच्या चित्रांच्या फाइल एफओआरएम ने सुरू होतात आणि थोडं पुढे आयएलबीएम दिसतं. पीसीएक्सचा पहिला बाइट हेक्समध्ये ०ए. टार्गा म्हणजे टीजीए मात्र वेगळं प्रकरण, तिच्या सुरुवातीला अशी काही खूणच नसते, फक्त नव्या आवृत्तीच्या फाइलमध्ये अगदी शेवटी ट्रूव्हिजन-एक्सफाइल असं लिहिलेलं सापडतं, म्हणून ओळखणारे प्रोग्राम टार्गाच्या बाबतीत चुकतात, तिथे एक्स्टेंशनवरच विसंबावं लागतं.

जुन्या मॅकवरून आलेल्या फाइल असतील तर अजून एक बघा. पिक्ट फाइलच्या सुरुवातीला ५१२ बाइट नुसते रिकामे असतात, त्यामुळे ओळखणारा प्रोग्राम गोंधळतो. आणि कधी कधी फाइलला मॅकबायनरीचं १२८ बाइटचं वेष्टण असतं, ते काढलं की आत साधी नेहमीची फाइल निघते.

खरा फॉरमॅट कळला की कॉपीचं नाव दुरुस्त करा आणि परत उघडून बघा. झालं तर इथेच थांबा.

२. दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडा

एका प्रोग्राममध्ये बिघडलेलं दिसलं म्हणून लगेच दुरुस्तीला लागू नका. इरफानव्ह्यू, एक्सएनव्ह्यू, गिंप, इमेजमॅजिक यातले दोन तरी वापरून बघा. घरी वापरायला हे सगळे फुकट आहेत. या तपासणीचं महत्त्व एवढंच की दोघांपैकी एकाने जरी चित्र नीट दाखवलं तर फाइल धडधाकट आहे हे सिद्ध झालं, आता फक्त त्या प्रोग्राममधून पीएनजी सेव्ह करायचं आणि विषय संपला. लोक ही पायरी सोडतात आणि मग दोन दिवस "करप्ट फाइल रिपेअर" करणारी कसलीकसली सॉफ्टवेअर उतरवत बसतात, कृपया तसं करू नका, त्यातली बरीचशी चित्राचं भलं करत नाहीत आणि कॉम्प्युटरचंही.

ब्राउझरमध्ये उघडून निर्णय घेऊ नका. पीसीएक्स, आयएलबीएम ब्राउझरला कळत नाहीत, टिफसुद्धा बहुतेक ब्राउझर दाखवत नाहीत.

घरगुती कॉम्प्युटरच्या जमान्यातली, म्हणजे अमिगा, अटारी वगैरेवरची चित्रं असतील तर रिकॉइल नावाचा प्रोग्राम बघा, तो खास त्यासाठीच आहे. अमिगावर हॅम नावाची एक पद्धत होती, त्यात शेजारच्या पिक्सेलचा रंग धरून त्यातला एकच घटक बदलायचा, अशा युक्तीने ४०९६ रंग दाखवले जायचे. ज्या प्रोग्रामला हॅम कळत नाही त्याच्यात तेच चित्र रंगीत चिखल दिसतं. फाइलचा त्यात काही दोष नाही.

३. साइजचा हिशोब करा

हे कोणी करत नाही आणि मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. कॉम्प्रेशन नसलेल्या बीएमपीची साइज कागदावर काढता येते. हेडर (फाइलच्या सुरुवातीची माहिती) ५४ बाइट, त्याच्यापुढे रंगांचा तक्ता म्हणजे पॅलेट असेल तर प्रत्येक रंगाला ४ बाइट, आणि पुढे पिक्सेल. म्हणजे ६४० बाय ४८० चं चित्र घेतलं तर:

- २४ बिट: ९,२१,६५४ बाइट
- २५६ रंग: ३,०८,२७८ बाइट
- १६ रंग: १,५३,७१८ बाइट
- काळं-पांढरं: ३८,४६२ बाइट

तुमची फाइल यापेक्षा कमी भरली आणि कॉम्प्रेशन नाहीये तर फाइल अर्धवट कॉपी झालीये. फ्लॉपीवरून वाचताना, डाउनलोड तुटल्यावर असं होतं. बीएमपीत ओळी खालून वर लिहिलेल्या असतात, म्हणून अर्धवट बीएमपीत चित्राचा वरचा भाग गायब होतो, बाकी बहुतेक फॉरमॅटमध्ये खालचा. एवढ्यावरूनच कळतं की शेपूट तुटलंय. इथे कुठल्याही कन्व्हर्टरचा उपयोग नाही, जे बाइट नाहीतच ते कुठून आणणार, मूळ माध्यमावर परत जाऊन पुन्हा कॉपी करायची.

पीसीएक्सच्या बाबतीत शेपूट तुटण्याचा अजून एक त्रास आहे. २५६ रंगांच्या पीसीएक्समध्ये पॅलेट फाइलच्या अगदी शेवटी असतं, शेवटचे ७६९ बाइट, त्यातला पहिला १२ या आकड्याची खूण आणि पुढचे ७६८ रंग. फाइल थोडीशीच तुटली तर चित्राचा आकार पूर्ण येतो पण रंग जातात, सगळं करडं किंवा भलत्याच रंगात दिसतं. अशा वेळी त्याच फोल्डरमध्ये त्याच प्रोग्रामने बनवलेली दुसरी धड फाइल शोधा, पुष्कळदा पॅलेट तेच असतं, तिचे शेवटचे ७६९ बाइट आणून जोडले की रंग परत येतात. हे मी चार-पाच वेळा केलंय आणि दर वेळी तेवढाच आनंद झालाय.

आता साइज जास्त असेल तर. फाइल कधीतरी टेक्स्ट म्हणून पाठवली गेली असेल तर ओळीच्या शेवटाची खूण बदलते, प्रत्येक ०ए च्या आधी एक ०डी घुसतो आणि फाइल जराशी फुगते. चित्र सुरुवातीला ठीक आणि मग घसरत घसरत जातं. हे दुरुस्त होतं, हेक्स एडिटरमध्ये ०डी ०ए च्या जागी ०ए करायचं. उलटं झालं असेल, म्हणजे ०डी उडाले असतील, तर फाइल थोडी लहान होते आणि ते कुठे कुठे होते हे कळायला मार्ग नसतो. पीएनजी बनवणाऱ्यांना हा त्रास चांगला माहीत होता, म्हणून त्यांनी फाइलच्या पहिल्या आठ बाइटमध्ये मुद्दाम ०डी ०ए आणि नंतर एकटा ०ए घातलाय, टेक्स्टमधून गेली की पहिल्या आठ बाइटमध्येच चोरी पकडली जाते. जुन्या फॉरमॅटना हे संरक्षण नाही.

आणि फाइलमध्ये जागोजागी ईएफ बीएफ बीडी हे तीन बाइट परत परत दिसले तर कोणीतरी ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून सेव्ह केलीये. एडिटरला जे बाइट अक्षर म्हणून कळले नाहीत त्या सगळ्यांच्या जागी त्याने एकच "कळलं नाही" वाली खूण ठेवली. ती फाइल गेली. वेळ घालवू नका, दुसरी प्रत शोधा.

४. कुठल्या फॉरमॅटमध्ये करताय

अक्षरांच्या कडेला घाण येते, रेषा धूसर होतात, त्याचं कारण नव्वद टक्के वेळा एकच, जेपेग केलंय. जेपेग फोटोसाठी बनलंय, ते चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे करून बारीक तपशील टाकून देतं, आणि अक्षर म्हणजे नुसता बारीक तपशीलच. स्कॅन केलेली कागदपत्रं, नकाशे, रेखाटनं, जुने स्क्रीनशॉट, १६ किंवा २५६ रंगांची चित्रं हे सगळं पीएनजीत करा, एकही पिक्सेल बदलत नाही. पीएनजी १९९६ पासून आहे आणि सगळीकडे उघडतं. मूळच जेपेग असेल तर त्याला हात लावू नका, तसंच ठेवा.

पीएनजी मूळपेक्षा मोठी झाली अशी तक्रार येते. तेव्हा बघा की २५६ रंगांचं चित्र २४ बिटमध्ये तर लिहिलं नाही ना. सेव्ह करताना पॅलेट ठेवायचा पर्याय असतो, काळं-पांढरं असेल तर १ बिट. पण रंग कमी करायला कधी सांगू नका, मूळ जेवढे आहेत तेवढेच ठेवा.

डीपीआयचं (इंचाला किती ठिपके) एक छोटं. बीएमपी आणि पीएनजी दोन्ही इंचाला नाही तर मीटरला किती पिक्सेल ते लिहितात, ३०० डीपीआय म्हणजे ११,८११. परत इंचात मोजलं की २९९.९९ दिसतं, त्याने काही बिघडत नाही. पण डीपीआय पूर्ण गायब होऊन ७२ झाला असेल तर छपाईच्या वेळी माप चुकेल, तो परत घाला.

५. रंग चुकलेत

इथे घाई करू नका, लक्षणावरून कारण नेमकं सांगता येतं.

चेहरे निळे असतील तर लाल आणि निळा अदलाबदल झालाय. बीएमपी आणि टार्गामध्ये रंग निळा-हिरवा-लाल अशा क्रमाने असतात, एखाद्या कच्च्या कन्व्हर्टरने ते सरळ लाल-हिरवा-निळा धरलं की असं होतं. गिंपमध्ये चॅनल वेगळे करून लाल-निळा बदलून परत जोडा, काहीही नुकसान होत नाही.

निगेटिव्ह दिसत असेल आणि फाइल काळ्या-पांढऱ्या टिफची असेल, तर टिफमध्ये "शून्य म्हणजे पांढरं की शून्य म्हणजे काळं" असं एक खातं असतं, ते चुकीचं लिहिलेलं किंवा वाचलेलं असतं. इन्व्हर्ट केलं की झालं. छपाईसाठी बनवलेल्या सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या रंगांतल्या) जेपेगमध्येही असंच होतं, कारण त्यात आकडे उलटे लिहायची पद्धत पडून गेली आणि सगळ्या प्रोग्रामना ती माहीत नाही.

काळपट चित्राची गोष्ट मला खास सांगायचीये कारण लोक ब्राइटनेस वाढवून वाढवून चित्राची वाट लावतात. जुन्या व्हीजीए कार्डमध्ये (पीसीचं स्क्रीनवर चित्र दाखवणारं कार्ड) प्रत्येक रंगाला ६ बिट होते, म्हणजे आकडे ० ते ६३. काही प्रोग्रामनी तेच आकडे तसेच फाइलमध्ये लिहिले. आताचा प्रोग्राम समजतो की ० ते २५५ आहेत, त्यामुळे पांढरा रंगसुद्धा चौथा हिस्साच उजळ दिसतो. ओळखायचं कसं, हिस्टोग्राम (कुठल्या उजळपणाचे किती पिक्सेल आहेत त्याचा आलेख) उघडा, ६३ च्या पुढे एकही पिक्सेल नसेल तर हेच आहे. गिंपमध्ये चित्र आरजीबी करा, लेव्हल्समध्ये पांढऱ्याची मर्यादा २५५ ऐवजी ६३ करा. चित्र एकदम जिवंत होतं. हिस्टोग्राम २५५ पर्यंत पसरलेला असेल तर हा उपाय करू नका, मग काळपटपणाचं कारण वेगळं, उदाहरणार्थ मॅकवर २००९ पर्यंत गॅमा (मधल्या छटा किती उजळ दाखवायच्या त्याचा आकडा) १.८ धरायची पद्धत होती, तिथे बनवलेली चित्रं आता जराशी गडद दिसतात. ते जराशी, चौपट नाही.

रिकामी चौकट येत असेल तर ३२ बिटची बीएमपी बघा. त्यात प्रत्येक पिक्सेलला चार बाइट, तीन रंगाचे, चौथा जुन्या हेडरमध्ये नुसता राखीव, आणि तो बहुतेक शून्य असतो. नवा प्रोग्राम त्याला पारदर्शकता समजतो, शून्य म्हणजे पूर्ण पारदर्शक, म्हणून सगळं अदृश्य. अल्फा चॅनल (पारदर्शकतेचा थर) काढून टाका, चित्र समोर येतं. ही सगळ्यात सोपी दुरुस्ती आहे आणि याच फाइल सगळ्यात जास्त डिलीट होतात, याचं फार वाईट वाटतं.

६. उलटं, चपटं, एकच पान

उलट्या चित्राचं कारण वर आलंच, बीएमपी खालून वर असते. टार्गामध्ये सुरुवात वरून की खालून हे हेडरमधला एक बिट सांगतो आणि पुष्कळ प्रोग्रामनी तो नीट लिहिलाच नाही. उभं उलटवा, मात्र फिरवू नका, १८० अंशात फिरवलं की डावं-उजवं बदलतं आणि अक्षरं आरशातली होतात.

चपटी पानं बहुतेक फॅक्सची असतात. रुंदी १७२८ पिक्सेल दिसली की फॅक्स समजा. साध्या दर्जाच्या फॅक्समध्ये आडवे २०४ डीपीआय आणि उभे फक्त ९८, म्हणजे पान निम्म्या उंचीचं दिसतं. टिफमध्ये हे दोन्ही आकडे लिहिलेले असतात पण कन्व्हर्टर पिक्सेल चौकोनी धरून मोकळा होतो. उंची साधारण दुप्पट करा, २०४ भागिले ९८. तसंच ३२० बाय २०० ची जुनी स्क्रीन ४:३ च्या मॉनिटरवर पूर्ण पसरायची, म्हणून ती ३२० बाय २४० सारखी दिसायला हवी. मूळ पिक्सेलची पीएनजी जपून ठेवा आणि ताणलेली प्रत बघण्यासाठी वेगळी करा.

एकच पान आलं तर मूळ टिफ अनेक पानांची आहे का बघा. पीसीएक्सचीही अनेक पानांची बहीण आहे, डीसीएक्स. इमेजमॅजिक प्रत्येक पानाची नंबर घालून वेगळी फाइल करतं, बाकीचे पुष्कळ प्रोग्राम पहिलं पान घेऊन गप्प बसतात. पानं मोजल्याशिवाय मूळ फाइल हलवू नका.

७. हट्टी फाइल्स

टिफमध्ये जेपेग कॉम्प्रेशन दोन प्रकारचं आहे. १९९२ च्या टिफ ६.० मधलं, ज्याचा नंबर ६, ते इतकं गोंधळाचं ठरलं की नंतर नंबर ७ आणावं लागलं. नंबर ६ वाल्या फाइल आजही बऱ्याच प्रोग्रामना उघडत नाहीत. टिफइन्फो नावाचं छोटं साधन नंबर सांगतं. ६ असेल तर एक्सएनव्ह्यू, इरफानव्ह्यू, इमेजमॅजिक असं एकेक करून बघा, कुठलातरी एक उघडतो असा माझा अनुभव.

इमेजमॅजिक "नॉट ऑथराइज्ड" किंवा "कॅश रिसोर्सेस एक्झॉस्टेड" म्हणत असेल तर दोष फाइलचा नाही. सुरक्षेसाठी त्याच्या पॉलिसी फाइलमध्ये काही फॉरमॅट आणि खूप मोठी चित्रं अडवून ठेवलेली असतात. मर्यादा वाढवता येते, पण फक्त स्वतःच्या माहितीतल्या फाइल्ससाठी वाढवा आणि काम झालं की परत खाली आणा.

८. कच्चे बाइट वाचणं

हेडर खराब आहे पण साइज बरोबर आहे, अशा बीएमपीसाठी शेवटचा उपाय. गिंपमध्ये फाइल उघडताना प्रकार "रॉ इमेज डेटा" निवडा. ऑफसेट (सुरुवातीचे किती बाइट सोडायचे) २४ बिटला ५४, २५६ रंगांना १०७८. मग रुंदी हळूहळू वाढवत जा, तिरकं चित्र सरळ उभं राहतं तीच खरी रुंदी. इथे एक खाच आहे. बीएमपीची प्रत्येक ओळ ४ बाइटच्या पटीत भरलेली असते, म्हणून २५६ रंगांचं २०१ पिक्सेल रुंद चित्र २०४ वर सरळ होतं, उरलेले तीन कापून टाकायचे. तिरकी चित्रं येण्याचं कारणही हेच, कोणीतरी हे भरण विसरलेलं असतं. २४ बिटमध्ये भरण पूर्ण पिक्सेलात बसेलच असं नाही (२०१ पिक्सेल म्हणजे ६०३ बाइट, ओळ ६०४ ची), तेव्हा आधी करडं चित्र समजून बाइटमधली रुंदी शोधा आणि मग रंगाचा हिशोब करा. चित्र उलटं आणि निळं येईल, ते वर सांगितलं तसं सरळ करा.

पीसीएक्स किंवा आरएलई कॉम्प्रेशनच्या बीएमपीला हा उपाय चालत नाही, कारण आत पिक्सेल नसून "हा रंग इतक्या वेळा" अशी नोंद असते.

झालं का ते कसं कळणार

डोळ्यावर विश्वास ठेवू नका. इमेजमॅजिकच्या कंपेअर कमांडला एई हे माप सांगून जुनी आणि नवी फाइल द्या, उत्तर शून्य आलं तर एकही पिक्सेल बदललेला नाही. पूर्ण फोल्डरसाठी आधी आणि नंतर फाइल्स मोजा. आणि कन्व्हर्ट झालं तरी मूळ फाइल फेकू नका, त्या आजच्या डिस्कवर फार जागा खात नाहीत.

कुठे थांबायचं

फ्लॉपी ड्राइव्ह खरखरतोय, हार्डडिस्क टकटक करतेय, सीडी वाचताना अडकून राहते, तर परत परत प्रयत्न करू नका. दर प्रयत्नाने माध्यम अजून झिजतं. वीज बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या, कन्व्हर्ट करणं हा तिथला प्रश्नच नाही. चुकून डिलीट झालेल्या फाइल असतील तर त्या डिस्कवर एकही नवीन फाइल लिहू नका, रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा त्याच डिस्कवर टाकू नका.

वैद्यकीय तपासणीच्या प्रतिमा किंवा कोर्टात लागणारी कागदपत्रं स्वतः बदलू नका. तिथे चित्र दिसणं पुरेसं नसतं, आतली माहिती आणि मूळ प्रत दोन्ही तशीच राहावी लागते, त्यामुळे ज्यांनी ती फाइल दिली त्यांनाच विचारा.

आरएलई फाइल मधूनच तुटलीये, एखाद्या बंद पडलेल्या स्कॅनर सॉफ्टवेअरचा स्वतःचा फॉरमॅट आहे आणि डीआर्क (जुने फॉरमॅट उलगडणारं साधन), एक्सएनव्ह्यू, इमेजमॅजिक तिघांनाही ओळखता येत नाही, तर तो फॉरमॅट उलगडू शकणाऱ्या जाणकाराकडे द्या. देताना मूळ फाइल द्या, तुम्ही खटपट केलेली प्रत नको, आणि सोबत त्याच प्रोग्रामने बनवलेल्या अजून दोन-चार फाइल द्या, चालणाऱ्या असतील तर फारच छान. ती चित्रं कुठल्या कॉम्प्युटरवर, साधारण कुठल्या वर्षी, कशाने बनवली हे आठवत असेल तेवढं लिहून द्या.